५:५३ कुठून आलं? टाइमझोनचा तक्ता आणि लीप सेकंद

तुमचा प्रश्न मला असा समजला: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी वापरून तारखेला 'एशिया/कोलकाता' लावलं, तर यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक ५ तास ३० मिनिटांऐवजी ५ तास ५३ मिनिटं दिसतो, तो का? आणि शोधताना लीप सेकंदाबद्दल, म्हणजे यूटीसीत अधूनमधून घातल्या जाणाऱ्या जादा सेकंदाबद्दल, वाचलंत, तर सर्व्हरवर त्याचीही काही तजवीज करायला हवी का?

मी पुण्यात पंधराएक वर्षं सर्व्हर सांभाळतोय. लीप सेकंदाने माझी एक रविवारची सकाळ खाल्ली. टाइमझोनने किती संध्याकाळी खाल्ल्या, ते मोजणं मी सोडून दिलंय. म्हणून आधी टाइमझोन.

'एशिया/कोलकाता' हे ५:३० या आकड्याचं दुसरं नाव आहे असं आपण धरून चालतो, पण त्या नावामागे एक छोटा तक्ता असतो. कोलकात्याच्या रेखांशावरून निघणारी स्थानिक वेळ, ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद, ही त्यातली पहिली ओळ. पुढे १८७० पासून मद्रास टाइम, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून आपली नेहमीची ५:३०. पायटीझेडचा झोन तुम्ही तारखेला थेट चिकटवलात की तारीख कोणत्या सालातली हे तो बघतच नाही, पहिली ओळ उचलतो. त्यातले सेकंद गळाले की उरतात तुमचे ५:५३. थेट चिकटवण्याऐवजी त्यातलं 'लोकलाइझ' हे फंक्शन वापरा, किंवा पायथन ३.९ पासून सोबतच येणाऱ्या 'झोनइन्फो' या लायब्ररीवर जा. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग एवढाच.

पण हा तक्ता एकदा उघडून वाचाच, मजा आहे त्यात. सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारत ६:३० वर दिसेल. महायुद्धात घड्याळं तासभर पुढे केली होती, त्याची ती नोंद. आमच्या आत्याचा जन्म १९४३ चा. तिची पत्रिका मांडताना गुरुजींनी जन्मवेळेतून 'युद्धाचा एक तास' वजा केला होता, तेव्हा घरात कोणालाच त्याचा अर्थ लागला नव्हता. पुढे अनेक वर्षांनी तोच तास मला सर्व्हरवरच्या फाइलमध्ये भेटला.

गिरगावात १९३६ साली जन्मलेल्या एखाद्या आजोबांची गोष्ट मात्र या तक्त्यातून सुटत नाही. मुंबईचा स्वतःचा 'बॉम्बे टाइम' होता, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईत तो साधारण १९५५ पर्यंत वापरात राहिला. तक्त्यात मुंबईला वेगळी ओळ नाही, कारण नियमच असा आहे की १९७० पासून ज्या ठिकाणांची घड्याळं सारखी चालली, त्यांना मिळून एकच झोन. त्यामुळे 'सकाळी सात' लिहिलेल्या त्या जन्मवेळेत ३९ मिनिटं मिळवायची की नाही, हे त्या घरातलं घड्याळ कशावर लावलेलं होतं यावर अवलंबून, आणि ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

हे सगळे तक्ते एकत्र असलेल्या संचाला टीझेडडेटा म्हणतात. तुमचा अँड्रॉइड फोन, लिनक्स, मॅक, जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा, पोस्टग्रेस हा डेटाबेस, सगळे त्यावरच चालतात. विंडोज मात्र स्वतःची वेगळी यादी बाळगतं. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट सांभाळू लागले. काम मुख्यतः स्वयंसेवेवर चालतं. २०११ मध्ये ॲस्ट्रोलेब नावाच्या, चक्क ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. आमच्या ॲटलासमधल्या जुन्या वेळा तुम्ही वापरल्यात, असं तिचं म्हणणं. ज्या सर्व्हरवरून संच मिळायचा तो काही काळ बंद पडला, मग इंटरनेटचे पत्ते आणि नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने जबाबदारी घेतली, आणि पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने माफी मागून खटला मागे घेतला. जगभरच्या घड्याळांचा आधार पत्रिकेपायी अडकला होता, हे आत्याच्या गुरुजींना सांगायला हवं होतं.

या संचात खरी कटकट भविष्याची आहे. कोणत्या देशात किती वाजले हे तिथलं सरकार ठरवतं, आणि सरकारं आयत्या वेळी मत बदलतात. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ च्या शेवटच्या शनिवारी मध्यरात्री घड्याळं तासभर पुढे जायची होती. दोन दिवस आधी सरकारने जाहीर केलं की रमजानमुळे हा बदल एप्रिलमध्ये होईल. चर्चने आणि बऱ्याच संस्थांनी ते धुडकावलं, आणि एका छोट्या देशात काही दिवस दोन वेळा चालू राहिल्या. सोमवारी सरकारने निर्णय फिरवला. टीझेडडेटावाल्यांनी तोवर नवी वेळ धरून एक आवृत्ती काढलीही होती. पुढच्या आवृत्तीत त्यांनी लेबनॉनचा तक्ता पुन्हा पूर्वीसारखा केला आणि टिपणात 'गोंधळ' हाच शब्द वापरला. ज्याच्या सर्व्हरवर मधलीच आवृत्ती राहून गेली, त्याला तीन आठवडे बैरूतची वेळ चुकीची मिळाली असणार.

'भारतात घड्याळं पुढेमागे होतच नाहीत, मला काय त्याचं?' असं मीही म्हणायचो. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक देशासाठी उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत, रद्द केली. आमचा एक ग्राहक मेक्सिको सिटीत होता आणि त्याच्या सकाळी नऊच्या मीटिंगची आठवण आमची प्रणाली पाठवायची. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत होती, मी निर्धास्त होतो. पण प्रोग्रॅम चालायचा कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइली सोबत बाळगणाऱ्या एका बंद डब्यात. हा डबा ज्यावरून तयार होतो ती प्रतिमा (इमेज) दीड वर्ष जुनी, आणि आतला जावा टीझेडडेटाची स्वतःची प्रत घेऊन बसलेला. २ एप्रिल २०२३ ला त्या प्रतीच्या मते उन्हाळा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला आमचे लोक रिकाम्या मीटिंगमध्ये बसून होते. ग्राहक आला साडेआठला, तोही आम्ही तासभर आधी आठवण का केली हे विचारत.

तेव्हापासून दोन गोष्टी मी कोणालाही पुन्हा पुन्हा सांगतो. घडून गेलेल्या घटनेची वेळ यूटीसीत साठवा, पण पुढच्या मीटिंगची, अपॉइंटमेंटची वेळ तिथल्या स्थानिक वेळेत आणि झोनच्या नावासकट साठवा. लोकांनी ठरवलेलं असतं ते 'मेक्सिकोतले नऊ'. त्याचं यूटीसी करून ठेवलं की नंतर सरकारने काहीही बदललं तरी तुम्ही जुन्याच हिशोबाला बांधलेले. दुसरं, टीझेडडेटाच्या प्रती कुठे कुठे आहेत ते हुडकून काढा. ऑपरेटिंग सिस्टिम, जावा, डेटाबेस, कंटेनर, प्रत्येकाची वेगळी असू शकते. शिवाय ब्राउझर: काही अजून जुनं 'एशिया/कॅलकटा' हे नाव देतात, काही 'एशिया/कोलकाता'. दोन्ही एकच आहेत, म्हणून नावाची अक्षरं जुळवून तुलना करू नका.

आता लीप सेकंद. अणुघड्याळाचा सेकंद ठाम असतो, पृथ्वीचं फिरणं तसं नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने ते दीर्घकाळात मंदावतं आणि मधूनच जरा वेगही घेतं. दोन्हींतला फरक ०.९ सेकंदाच्या वर जाऊ नये म्हणून १९७२ पासून यूटीसीत २७ वेळा एक सेकंद घालण्यात आला. आपल्याकडे तो येतो १ जुलै किंवा १ जानेवारीला पहाटे, ५:२९:५९ आणि ५:३०:०० यांच्या मध्ये.

पंचांग बघणाऱ्याला हे पटकन कळेल. वृद्धितिथीला दोन सूर्योदयांना एकच तिथी असते आणि पंचांगात ती दोन दिवस छापतात. लिनक्स तेच करतं. लिनक्स वापरतं त्या युनिक्सच्या मोजणीत दिवस ८६४०० सेकंदांचाच, साठाव्या सेकंदाला जागाच नाही, म्हणून ५९ वा सेकंद दोनदा मोजला जातो. फरक असा की अधिक मास किंवा तिथीची वृद्धी शेकडो वर्षं आधी गणिताने काढता येते. लीप सेकंदाचं तसं नाही: पृथ्वी मोजत राहायची आणि पॅरिसच्या वेधशाळेतून सहाएक महिने आधी निघणाऱ्या पत्रकाची वाट बघायची.

माझा रविवार १ जुलै २०१२ चा. साडेपाचनंतर काही मिनिटांतच रात्रपाळीच्या पोराचा फोन: "दादा, जावावाले सगळे सर्व्हर शंभर टक्क्यांवर आहेत, रीस्टार्ट करूनही उतरत नाहीत." त्या दिवशी रेडिटसुद्धा बंद पडलं आणि ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या चेक-इनच्या रांगा लांबल्या. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, घड्याळ एक सेकंद मागे घेतलं होतं, पण त्याच्याच बारीक टायमर सांभाळणाऱ्या भागाला ते कळवलं नव्हतं. तो भाग सेकंदभर पुढेच राहिला. त्यामुळे 'दहा मिलिसेकंद थांब' म्हटलं की त्याच्या मते ते कधीच संपलेले, आणि प्रोग्रॅम न थांबता गरगरत राहायचे. उपाय इतका साधा की हसू यावं: घड्याळात जी वेळ आहे तीच पुन्हा सेट करायची. त्या निमित्ताने टायमरला निरोप पोचायचा आणि सगळं शांत व्हायचं. आम्हाला तो सापडेपर्यंत दहा वाजले होते.

१ जानेवारी २०१७ च्या लीप सेकंदाला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसमध्ये (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत) वेगळाच प्रकार झाला. दोन वेळांची वजाबाकी ऋण आली आणि ऋण आकडा कधी येईल हे कोडमध्ये धरलेलंच नव्हतं. कालावधी मोजायला भिंतीवरचं, म्हणजे किती वाजले ते सांगणारं, घड्याळ वापरू नका, मोनोटोनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं, घड्याळ वापरा, हा सल्ला तिथूनच पक्का डोक्यात बसतो. गूगल आणि ॲमेझॉनने पळवाट काढली आहे: तो सेकंद यूटीसी दुपार ते दुपार असा २४ तासांत पातळ पसरवायचा, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते दुसऱ्या दिवशी साडेपाच. प्रत्येक सेकंद साधारण ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबतो, कोणाला पत्ता लागत नाही. मात्र एनटीपीच्या (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या व्यवस्थेच्या) यादीत असे पसरवणारे आणि न पसरवणारे सर्व्हर एकत्र ठेवू नका; मधल्या काळात त्यांच्यात अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो आणि तुमचं घड्याळ दोघांत हेलकावे खातं.

२०१६ च्या डिसेंबरअखेरीनंतर एकही लीप सेकंद आलेला नाही. २०२२ मध्ये व्हर्सायला भरलेल्या वजनमापांच्या जागतिक परिषदेने २०३५ पर्यंत ही ०.९ ची मर्यादा वाढवायचं ठरवलं, म्हणजे व्यवहारात लीप सेकंदाला निरोप. तोवर क्षयतिथीसारखा सेकंद गाळायची वेळ आली, तर ५:२९:५८ नंतर थेट ५:३०:०० वाजतील. असं आजवर कधीच झालेलं नाही, त्यामुळे ते हाताळणारा कोड खऱ्या वापरात एकदाही चाललेला नाही. मला थोडी धास्ती आहे ती त्याचीच.

तुमच्या सर्व्हरसाठी यातून वेगळं काम फारसं निघत नाही. लीप सेकंदांची यादी टीझेडडेटासोबतच येते आणि तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. सर्व्हरवरची ती फाइल उघडून तारीख बघा. मुदत उलटून गेली असेल, तर तुमचा मेक्सिकोही जुनाच असण्याची दाट शक्यता आहे.