शिवणकाम करणारा मुलगा मुलींना आवडतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: वय २८, शिवणकामाचा छंद, तर अशा मुलासोबत कुणी मुलगी डेटवर जाईल का आणि प्रोफाइलवर हे लिहावं की गुपचूप ठेवावं? बिनधास्त लिहा. माझं लग्न अशाच एका माणसाशी झालंय, त्यामुळे माझं उत्तर एकतर्फी आहे हे आधीच सांगते.

लग्न जुळवायच्या साइटवर सगळ्यांच्या छंदांच्या रकान्यात ट्रेकिंग आणि वाचन. याच्या रकान्यात 'स्वतःचे शर्ट स्वतः शिवतो', बस. मला वाटलं थापा मारतोय. भेटायला आला तो चौकड्यांचा शर्ट घालून, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की शर्टाला खिसाच दिसत नाहीये. खिसा होता, पण त्याच्यावरच्या रेघा खालच्या कापडाशी इतक्या तंतोतंत जुळवल्या होत्या की कडा शोधावी लागत होती. बटणपट्टीवरही तेच. मी विचारायचा अवकाश, गडी सुटलाच! फुल शर्टाला ३६ इंची पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) साधारण अडीच मीटर कापड पुरतं, पण चौकडी जुळवायची तर जास्तच घ्यावं लागतं, वगैरे वगैरे. कॉलर दोनदा उसवली होती म्हणे. तरीही तिचं डावं टोक किंचित बुटकं राहिलंय, हेही त्यानेच दाखवलं, नाहीतर मला कळलंही नसतं. मी तिथेच विरघळले. स्वतःच्या कामातली खोट जो हसत हसत दाखवतो, त्याच्याशी भांडणंही सोपी जातील असं तेव्हा वाटलं. (जात नाहीत, पण ते असो.)

मुलीपेक्षा घरचे अवघड. माझ्या बाबांनी विचारलं, "टेलरिंगचं दुकान आहे का त्यांचं?" मावशीने आवाज खाली आणून विचारलं, "शिंपी आहेत का गं ते?" तुम्हाला भीती वाटतेय ती 'बायकी छंद' म्हणून हसतील याची. पण आपल्याकडे गल्लीतला लेडीज टेलरसुद्धा बहुतेक वेळा पुरुषच असतो, आणि गळ्यात टेप अडकवून बसलेल्या त्या माणसाला कुणी बायकी म्हणत नाही. पैसे घेऊन शिवलं तर धंदा, घरात हौसेने शिवलं तर बायकांचं काम, असा हा अजब हिशेब! आणि त्याच्या आत मावशीचा प्रश्न असतोच. वारीत नामदेवांचे अभंग गाणारी माणसंही शिंपीकाम म्हटलं की नाक मुरडतात, तेव्हा त्यांना नक्की काय खटकतंय ते ओळखा. असं घर प्रोफाइल वाचूनच परस्पर गळालं तर तुमचा चहा-पोह्यांचा वेळ वाचला.

लिहाल तेव्हा नुसतं 'शिवणकामाची आवड' असं लिहू नका, काय शिवता ते लिहा आणि शिवलेल्या वस्तूचा फोटो टाका. मशीनसमोर बसून पोज दिलेला फोटो नको, तो जाहिरातीसारखा दिसतो. आणि विनोद करून सारवासारव तर अजिबात करू नका. तुम्हीच लाजलात तर समोरची काय कौतुक करणार?

भेटल्यावर तिच्या कपड्यांवर तज्ज्ञ मत देऊ नका. आमच्या दुसऱ्या भेटीत हा मला म्हणाला, "तुमच्या कुर्त्याच्या मुंढ्यात झोळ येतोय." (मुंढा म्हणजे बाही जोडतात तो भाग.) झोळ येत होता. तरी नाही बोलायचं.

हमखास चालतं ते म्हणजे खिसे. बायकांच्या कुर्त्यांना खिसे नसणं ही केवढी चीड आणणारी गोष्ट आहे, याची पुरुषांना कल्पना नाही. याने माझ्या एका कुर्त्याची बाजूची शिलाई वीतभर उसवली, आत जुन्या उशीच्या अभ्र्याचा खिसा बसवला, टोकांना उलटी टीप मारून पक्कं केलं. मोबाइल आणि किल्ल्या आरामात मावतात. ऑफिसात मी तो खिसा इतक्या जणींना दाखवलाय की काही विचारू नका.

मात्र त्यातूनच पुढचा ताप सुरू होतो: "भाऊजी माझ्या साडीला फॉल लावून देतील का?" ठाम नाही म्हणायला आत्तापासूनच शिका, आधी स्वतःच्या बहिणीला, मग तिच्या मैत्रिणींना. तुमच्याशी लग्न करणारीलाही काही गोष्टी पत्कराव्या लागतील: चटईत टाचण्या, कपाटात 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवलेले तुकडे, आणि जेवायला हाक मारली की "एवढी टीप मारतो आणि आलो".

आणि ब्लाऊजचं वचन कुणालाही देऊ नका, फार प्रेमात असलात तरी. शर्ट थोडा ढगळ झाला तरी खपतो, ब्लाऊज अर्ध्या इंचाने चुकला की संपलं. माझे ब्लाऊज आजही कोपऱ्यावरचे टेलरकाकाच शिवतात.