गादीखालच्या चार वह्या

(पत्र मोठं होतं, कापून देते आहे.)

ताई, नमस्कार. आम्ही मराठवाड्यात तालुक्याच्या गावी राहतो. मी बँकेत, हे कॉलेजात. मूलबाळ नाही. गेल्या जूनमध्ये बाल कल्याण समितीच्या आदेशाने १० वर्षांचा एक मुलगा फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सांभाळायला, आमच्याकडे आला. आई-वडील ऊसतोडीला जायचे. वडील वारले, आई बरेच महिने मनोरुग्णालयात आहे. त्याआधी दीड वर्ष तो बालगृहात होता. आता तो आमचाच आहे. त्याला आम्ही काही कमी केलं नाही. वेगळी खोली, टेबल, सायकल, गावातली सगळ्यात चांगली इंग्रजी माध्यमाची शाळा. मुलगा हुशार आहे, बालगृहातल्या बाई म्हणाल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं आहे. पहिलं सत्र बरं गेलं. जुनं काही डोळ्यांसमोर राहू नये, नवी सुरुवात व्हावी, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत त्याची खोली रंगवली, जुनी गादी बदलली, गादीखालच्या त्याच्या चार जुन्या वह्या, वेड्यावाकड्या अक्षरात नाव घातलेल्या आणि अर्ध्याच भरलेल्या, रद्दीत दिल्या, भिंतीवर जगाचा नकाशा लावला. तरीही सुट्टीनंतर तो वहीत एक ओळ लिहीत नाही. तोंडी सगळं सांगतो, वही कोरी. चाचणीचा पेपरही कोरा दिला. समजावलं, ओरडलो, बक्षीस लावलं. शाळा म्हणते, पाचवीला आता परीक्षा आहे, असंच राहिलं तर वर्ष जाईल. नातेवाईक म्हणतात, सरकारचे ४००० मिळतात म्हणून आणला. ट्यूशन लावावी, समुपदेशकाकडे न्यावं, की आमच्याकडून होत नाही असं समितीला कळवावं?

सुनंदाताई,

(हे नाव मी ठेवलं. मुलाचं नाव, गाव, शाळा पत्रातून काढली. अशा मुलाची ओळख छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तुम्ही मला त्याचा गणवेशातला फोटो पाठवलात. तो मी पुसला. तुमच्या मोबाइलवरून आणखी कुठे गेला असेल तर तिथूनही पुसून घ्या.)

दिवाळीत वह्या रद्दीत गेल्या. दिवाळीनंतर लिहिणं थांबलं. दोन्ही गोष्टी तुमच्याच पत्रात आहेत, तुमच्याच हातच्या. मधे रंग आला, गादी आली, जगाचा नकाशा आला, म्हणून तुम्हाला दिसलं नसावं. मूळ पत्रात सायकलीला चार ओळी आहेत, गिअर किती तेसुद्धा आहे. वह्यांना एक ओळ.

त्या एका ओळीत तुम्ही तीन गोष्टी सांगून गेलात. गादीखाली होत्या. अर्ध्याच भरलेल्या होत्या. नाव वेड्यावाकड्या अक्षरात होतं.

अर्ध्याच का, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी सांगते. २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी ऊसतोडीच्या पट्ट्यात, तेव्हा अर्धी वही मी लांबून ओळखते. जूनमध्ये पोरं येतात, पहिल्या पानावर 'श्री' काढतात, समास आखतात. दसरा झाला की तोडीला मजूर नेणारा मुकादम गावात दिसायला लागतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते आणि खर्चही झालेली असते. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरतात: पत्र्याच्या पेट्या, भांडी, शेळी, पाट्यावरवंट्यासकट सगळा संसार आणि वर बसलेली पोरं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता उसाच्या फडात उतरला की थोरलं पोर कोपीवर, पाचटाच्या खोपटात, धाकट्याला सांभाळतं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, इकडे माझा वर्ग अर्धा. गावात हंगामी वसतिगृह चालू असलं आणि घरी आजी असली तर पोर मागे राहायचं. नाहीतर शिक्षण हमी कार्ड दप्तरात घालून सांगायचं, तिकडच्या शाळेत दाखव. पुष्कळ कार्डं जशी गेली तशी परत आलेली मी पाहिली आहेत, घडीसुद्धा मोडलेली नसायची.

वही तिथेच थांबते. आणि पुढल्या जूनला बहुतेक घरांत कोरी पानं फाडून, दोन-तीन वह्यांची मिळून एक नवी शिवतात. या पोराने तसं केलं नाही. करू दिलं नाही म्हणा. चार वह्या कोऱ्या पानांसकट जपल्या, गावातून बालगृहात नेल्या, तिथे दीड वर्ष सांभाळल्या. बालगृहात एवढा काळ एखादी वस्तू आपली म्हणून टिकवणं सोपं नसतं हो. मग तुमच्या घरी आणल्या. आणि तुम्ही टेबल दिलं असताना, कपाट दिलं असताना गादीखाली ठेवल्या.

आता ते नाव. ज्या मुलाचं अक्षर मोत्यासारखं आहे तो स्वतःचं नाव वेडंवाकडं काढेल? नाव तर पोरं सगळ्यात नेटकं काढतात, खाली दोन रेघा मारतात, कोपऱ्यात फूल काढतात. चारही वह्यांवर दुसऱ्या कोणाचा तरी हात आहे. ज्याला लिहायची सवय नाही असा हात. कोणाचा, ते मला माहीत नाही. आजीचा असेल, शेजारच्या एखाद्या पोरीचा असेल, आईचा असेल. तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. घरात ते फक्त त्यालाच माहीत आहे.

आणि त्याने काय पाहिलं? जे लिहिलं ते रद्दीत जातं. मग तो कशाला लिहील? तोंडी सगळं सांगतो म्हणता, म्हणजे अभ्यास येतो. तुमची ती ट्यूशन कशासाठी लावायची, पेन धरायला?

मी चिडून लिहिते आहे, कळतंय मला. याला कारण आहे. चौथीच्या एका मुलीच्या वहीला लग्नपत्रिकेचं कव्हर होतं. गुलाबी, गणपतीचं. मी ते वर्गासमोर टरकावलं आणि खाकी कव्हर घालून ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती खाकी कव्हर घालून आली. वर्षभर एक अक्षर बोलली नाही. एप्रिलमध्ये तिची आई दाखला न्यायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, पत्रिका थोरलीची होती, थोरली त्याच हंगामात गेली. मी दाखल्यावर सही केली. दुसरं काय करणार होते? मुलगी तर निघून गेली होती. तुमचा मुलगा अजून तुमच्या घरात आहे, पलीकडच्या खोलीत बसलाय.

'आता तो आमचाच आहे,' असं लिहिलंत. नाही ताई. तो तुमचा नाही, तुमच्याकडे आहे. दत्तक वेगळं आणि फॉस्टर केअर वेगळं, हे समितीच्या कार्यालयात तुम्हाला सांगितलं असणार. बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये जन्मदात्यांनी मुलाला भेटायची सोयसुद्धा आहे, समितीला ते मुलाच्या हिताचं वाटत नसेल तरच नाही. त्याचं शिक्षण, तब्येत, खाणंपिणं तुमच्याकडे सोपवलंय. त्याचं आधीचं आयुष्य पुसायचं काम तुमच्याकडे कोणी दिलेलं नाही. जून हा त्याच्या जन्माचा महिना नव्हे.

म्हणून एकच गोष्ट करा. तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं मी देणार नाही, ही झाल्यावर बघू.

आज रात्री जेवणं झाली की त्याच्या खोलीत जा. तुम्ही जा, साहेबांना पाठवू नका, कारण रद्दी तुम्ही दिलीत. खाली बसा. सांगा: 'तुझ्या वह्या मी तुला न विचारता रद्दीत दिल्या. चुकलं माझं. त्या आता परत मिळणार नाहीत.' एवढंच. साफसफाईचं नाव काढायचं नाही. रंगाचं नाही. 'तुझ्याच भल्यासाठी' हे तर मुळीच नाही. नव्या वह्या, आइस्क्रीम, काही देऊ करू नका. तो गप्प बसेल. बहुतेक 'बरं' म्हणेल. अशी पोरं फार पटकन 'बरं' म्हणतात, त्यावर विश्वास ठेवून उठून येऊ नका. थोडा वेळ बसून राहा. मग विचारा, 'त्यांच्यावर नाव कोणी घातलं होतं?' सांगितलं तर ऐका. नाही सांगितलं तर दुसऱ्यांदा विचारू नका.

आणि शनिवारी त्याला घेऊन त्याच्या गावच्या शाळेत जा. यायचं का हे आधी त्याला विचारा, 'नको' म्हणाला तर पुढल्या शनिवारी पुन्हा विचारा. जायच्या आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन करून तुमची केस बघणाऱ्या समाजसेविकेला सांगा, त्यांना न कळवता मुलाला गावी नेऊ नका. गावात कोण आहे, कोणाला भेटवणं बरं आणि कोणाला नको, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

शाळेत काय आहे म्हणाल, तर जनरल रजिस्टर आहे. लांबलचक, जाड पुठ्ठ्याचं, मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक आडवी ओळ असते: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस. ते रजिस्टर रद्दीत देता येत नाही, देशमुखांच्या वाड्यापासून शाळेच्या इमारतीपर्यंत सगळं पडलं तरी ते जपायचं असतं. मुख्याध्यापकांना विनंती करा, ती ओळ मुलाला दाखवा म्हणून. त्याला स्वतःला शोधू द्या, तुम्ही बोट ठेवू नका. नशीब असलं तर शिक्षकांनी लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदीही सापडतील. आता तुमच्यापासून काय लपवायचं, आम्ही गुरुजी मंडळी 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो' हे एकच वाक्य तीस पोरांना लिहून मोकळे होतो. पण मधेच एखादी खरी ओळ निघते. 'पाढे चालीवर म्हणतो.' 'बहिणीला कडेवर घेऊन येतो.' अशी एखादी त्याच्या नावापुढे निघाली तर त्याला ती उतरवून घ्यायची आहे का, विचारा. पेन आणि एक कोरी वही तुमच्या पिशवीत असू द्या, पण बाहेर काढू नका.

राहिलं बाकीचं. परीक्षेची भीती शाळेने तुम्हाला घातलीय, तुम्ही ती त्याला घालू नका. पाचवीला वार्षिक परीक्षा आहे हे खरं, नापास झाला तर पुन्हा परीक्षा घेतात, तीही गेली तर त्याच वर्गात बसवतात. पण आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, हेही शिक्षण हक्क कायद्यातच आहे. बसला एक वर्ष तर बसला. तीन वर्षांत तिसरी शाळा आहे त्याची, आणि मराठीतून आलेल्या पोराला चौथीनंतर एकदम इंग्रजीत टाकायची घाई कोणाला होती ते मी विचारत नाही. जूनमध्ये विचारेन. समुपदेशकाकडे अवश्य न्या, आधी तुम्ही दोघं जाऊन या.

समितीला 'आमच्याकडून होत नाही' असं कळवायचा विचार मनात आला म्हणून मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. सहा महिन्यांत थकायला होतं, आणि तुम्हाला पोर सांभाळायची सवय नाही. पण कळवणार असाल तर पूर्ण कळवा. 'मुलगा लिहीत नाही' एवढंच नको. 'आम्ही त्याच्या वह्या रद्दीत दिल्या, तेव्हापासून लिहीत नाही,' असं लिहा. लिहून बघा, मग वाटतंय का पाठवावंसं.

नातेवाइकांच्या ४००० रुपयांचं म्हणाल तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून ते मुलासाठी येतात, आणि बोलणारे बोलतात. त्यातलेच थोडे शनिवारी एसटीला खर्च करा. गाडी काढू नका, गावात तुमची गाडी शिरली की सगळं गाव गोळा होईल आणि पोर दाराआड लपेल. एसटीने जा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यालाही अर्धंच लागेल. शनिवारी शाळा सकाळची असते, अकरानंतर पोचलात तर कुलूप दिसेल. पहिली गाडी पकडा.