राउटर नाही, हाताशी सात हजार आणि दाराची सागवानी फळी: गिटार होईल का?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या दाराची सागवानी फळी पडून आहे, सहा फूट लांब, नऊ इंच रुंद, दीड इंच जाड. बजेट ७,००० रुपये. ड्रिल मशीन, जिगसॉ आणि दोन पटाश्या आहेत, राउटर (लाकडात खाचा-खोबणी कोरणारं यंत्र) नाही. फेंडरच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या आकाराची सॉलिड, म्हणजे भरीव बॉडी करायची आहे, आणि नेकही (फ्रेट बसवलेली लांब मान) स्वतःच करायचा विचार आहे.

गिटार होईल. नेक मात्र विकत घ्या.

सॉलिड बॉडी गिटारमध्ये बॉडीचं काम एवढंच, की नेक आणि ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) एका रेषेत, न हलता धरून ठेवायचे. त्यासाठी कोरडं आणि न वाकणारं लाकूड पुरतं. नेकचं तसं नाही. ०९ ते ४२ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) पातळ तारांचा संच सुरात लावला की त्याचा एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो, १० ते ४६ चा सुमारे ४६ किलो. इंचभरही जाडी नसलेली पट्टी हा ताण वर्षानुवर्षं झेलते ती आतल्या ट्रस रॉडच्या जोरावर. रॉडची खाच, पट्टीची गोलाई आणि एका पातळीत बसलेले एकवीस-बावीस फ्रेट हे राउटरशिवाय पहिल्याच प्रयत्नात जमणं अवघड. फ्रेटची जागा अर्धा मिमी चुकली तर बाराव्या फ्रेटपाशी सूर अडीच-तीन सेंटच (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) हलतो, ते कानाला खपूनही जाईल. पण एकच फ्रेट शेजाऱ्यापेक्षा थोडासा वर राहिला तर त्याच्या अलीकडचा प्रत्येक सूर खरखरतो.

क्वीन या रॉक बँडच्या गिटारवादक ब्रायन मेनं वडिलांबरोबर १९६३ साली घरी गिटार करायला घेतली, ती आठवा. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि चक्क ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हिनिअर. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं उत्तम महोगनी त्यांनी वापरलं ते नेकला. पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

वाटणी अशी धरा: नेक ३,३००, पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबकाचं वेटोळं) ९००, ब्रिज ७००, खुंट्या ६००, पॉट-जॅक-कपॅसिटर ३००, तारा ४५०, गोंद-स्क्रू-पॉलिश पेपर ५००. भाव खालीवर होतील, पण निम्मे पैसे नेकवर हे प्रमाण मोडू नका. पॉट (आवाज आणि टोनचे फिरते नियंत्रक), जॅक आणि वायर गिटारच्या दुकानातून घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तेच सुटं मिळतं.

नेक घेताना खालचं टोक चौकोनी असलेला, म्हणजे टेलिकास्टर पद्धतीचा घ्या. स्ट्रॅटोकास्टरचं टोक गोल असतं आणि ते बसवायला बॉडीत गोल खोबण पटाशीनं नीट कापणं त्रासाचं. आल्याबरोबर चार गोष्टी बघा: नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर (६४८ मिमी स्केलला, म्हणजे नट ते ब्रिज एवढ्या लांबीला, ३२४ यायला हवं), टाचेची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाची, रुंदी (साधारण ५६ मिमी), टाचेची जाडी (साधारण २५ मिमी), आणि डोळ्यासमोर धरून पीळ आहे का. वाक रॉडनं निघतो, पीळ निघत नाही. पिळलेला नेक परत करा.

आता फळी. जुना सागवान बसलेला असतो, हा मोठा फायदा. तोटा वजनाचा. टेलिकास्टरच्या बॉडीत साधारण साडेचार लिटर लाकूड असतं, म्हणजे सागवानात ती तीन किलोच्या आसपास जाईल. शिवण किंवा तून असतं तर सव्वादोन किलोत भागलं असतं. (तून महोगनीच्याच कुळातलं, मिरजेचे सतारवाले वापरतात ते. पुढची गिटार त्याची करा.) फळीवरून लोहचुंबक फिरवा; दारात मोडलेले खिळे असतात आणि गिरणीवाल्याच्या रंध्याचं पातं गेलं तर त्याचे पैसे तुम्हीच भरणार. पावसाळ्यात काम करणार असाल तर कापलेले तुकडे घरात आडवे ठेवून दर दोन-तीन दिवसांनी वजन करा. आकडा हलायचा थांबला की लाकूड हवेशी जुळलं. त्याआधी चिकटवलं तर दिवाळीपर्यंत जोड उघडेल.

राउटर नाही त्यावरचा उपाय: बॉडी एका जाड ठोकळ्याची न करता दोन थरांची करा, वरचा थर १६ मिमी आणि खालचा २८. टेलिकास्टरची बॉडी ४४ मिमी जाड आणि नेकची खोबण १६ मिमी खोल असते. म्हणजे वरच्या थरात जिगसॉनं आरपार भोक पाडलं की खोबणीची खोली आपोआप बरोबर आणि तळ सपाट. ड्रिल आणि पटाशीनं ठोकळ्यात १६ मिमीचा सपाट तळ काढायला गेलात तर तो हमखास डुगडुगता होतो, आणि डुगडुगत्या तळावर नेक कधीच घट्ट बसत नाही.

फळीचे सतरा इंचाचे चार तुकडे करा. दोन-दोन शेजारी चिकटवून प्रत्येक थर अठरा इंच रुंद होईल. बॉडीला तेरा पुरतात. उरलेल्या रुंदीचा उपयोग करून वरच्या थराचा सांधा मधल्या रेषेच्या इंचभर डावीकडे आणि खालच्याचा इंचभर उजवीकडे न्या, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. जाडी गिरणीत काढून घ्या. वरच्या थराचं बरंच लाकूड भुशात जाईल, नाइलाज आहे.

सागवान तेलकट असतो. फेविकॉल लावण्याआधी पृष्ठभाग ताजा घासा आणि ॲसिटोननं पुसून लगेच चिकटवा. आदल्या दिवशी घासून ठेवलेल्या सागवानावर तेल पुन्हा वर येतं आणि जोड दिसायला छान पण नखानं निघेल असा होतो. शिकंजे कमी असतील तर आकाराच्या बाहेर, कापून जाणाऱ्या कोपऱ्यांत स्क्रू मारून दोन्ही थर आवळा. गोंदावर थर सरकायचेही थांबतील. खोबणीत आलेला गोंद रबरासारखा झाला की पटाशीनं उचला. चोवीस तास हात लावू नका. घासताना तोंडाला मास्क हवाच, सागवानाचा भुसा घशाला लागतो.

क्रम महत्त्वाचा आहे. मधली रेघ, खोबण आणि पिकअपचं भोक आधी. बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. ठोकळ्याच्या सरळ कडा आहेत तोवरच गुण्या लावता येतो. आकार कापताना जिगसॉचं पातं ४४ मिमी सागवानात आतून वाकतं, वर रेघेवर आणि खाली चार मिमी आत असं होतं. म्हणून रेघेच्या पाच मिमी बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीनं घासा.

खोबण टाचेपेक्षा अर्धा-एक मिमी लहान कापा आणि काठीला पॉलिश पेपर चिकटवून हळूहळू वाढवा. बसवलेला नेक धरून बॉडी उचलली, स्क्रूशिवाय, आणि ती पडली नाही तर खोबण बरोबर.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप, ब्रिजचं. सतारवाले जिला घोडी म्हणतात तीच ही, फक्त इथे घोडी स्क्रूनं पक्की होते आणि नंतर सरकवता येत नाही. नेक घट्ट बसवल्यावर नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. छापील मापावर विसंबू नका. ते ६४८ आलं तर पातळ तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो पुढेमागे सरकणारा तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन ते ६४८ वर येईल असा ब्रिज ठेवा. कारण प्रत्येक सॅडल त्याहून मागेच जाणार आहे: पातळ तारेचं दीड-दोन मिमी, जाड तारेचं चार ते सहा. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, जाड तारेचा जास्त. सॅडल मध्यावर ठेवून ब्रिज ६४८ वर ठोकला तर जाड तारेला मागे जागाच उरत नाही.

आडवी जागाही मोजून नको, बघून ठरवा. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून शिवणाचा दोरा सॅडलपर्यंत ताणा आणि शेवटच्या फ्रेटवर दोन्ही बाजूंना कडेपासून सारखं अंतर राहीपर्यंत ब्रिज सरकवा. मगच भोकं पाडा. खोबण अर्धा अंश तिरकी झाली असेल तर तीही इथे झाकली जाते. फूटपट्टी फ्रेटवरून ब्रिजपर्यंत टेकवून उंचीही आत्ताच बघा. सॅडल पूर्ण खाली करूनही तारा उंच राहत असतील तर खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला पाव मिमीचं व्हिजिटिंग कार्ड सरकवा. ७६ मिमी लांबीच्या खोबणीत पाव मिमी म्हणजे ब्रिजपाशी जवळपास पाऊण मिमीचा फरक. दोन कार्डं लागली तर चालेल, चार लागत असतील तर खोली चुकली आहे.

नेकचे चार स्क्रू ४५ मिमीचे, सुमारे ४ मिमी जाड. बॉडीतलं भोक ४.५ मिमी म्हणजे स्क्रू सैल सरकेल असं, नेकमधलं ३ मिमी. बॉडीतलं भोक घट्ट असेल तर आटे तिथेच धरतात आणि नेक ओढलाच जात नाही, फट राहते. नेकचं लाकूड मेपल, ते कडक असतं, स्क्रूला मेणबत्ती घासा, नाहीतर डोकं तुटून दांडा आत राहील.

पिकअप एकच, ब्रिजपाशी, हंबकर म्हणजे दोन वेटोळ्यांचा. पहिल्या गिटारला स्विच आणि दुसरा पिकअप म्हणजे दुप्पट भोकं आणि सोल्डरचे दुप्पट डाग. फेंडरची १९५० ची एस्क्वायरही एकाच पिकअपवर चालली. घरातल्या वायरिंगची घरघर सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचा पिकअप, जास्त पकडतो, हेही कारण आहेच. हंबकरला १६ मिमी खोली पुरणार नाही. भोकाचा तळ चार-पाच मिमी खाली न्या आणि त्याच्या दोन पायांखाली आणखी आठेक मिमी ड्रिल करा. पण आधी पिकअप हातात घेऊन मोजा.

व्हॉल्यूमला आणि टोनला ५००के (किलोओहम) पॉट लागतात. दुकानात ४७०के मिळाले तर बिनधास्त घ्या. त्यावर छापलेलं अक्षर मात्र ए हवं. बी म्हणजे सरळ रेषेतला पॉट, त्यात व्हॉल्यूम कमी करताना सगळा बदल शेवटच्या थोड्याशा फेरीत होतो. टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर २२३ छापलेलं असतं. पॉटच्या पाठीवर डाग बसत नाही ही नेहमीची तक्रार. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं बसणारच नाही. ४० ते ६० वॅटचं घ्या आणि पाठ आधी कानशीनं खरवडा. पॉटच्या खोबणीतून ब्रिजखाली एक बारीक भोक पाडून त्यातून सोललेली वायर ब्रिजखाली दाबा आणि दुसरं टोक पॉटच्या पाठीला जोडा.

तारा लावण्याआधी मल्टिमीटर. केबल जॅकमध्ये घाला आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगचं टोक आणि दांडा यांमध्ये मोजा. ८ किलोओहमचा पिकअप असेल तर व्हॉल्यूम पूर्ण उघडून सुमारे ७.८ दाखवेल, बंद केल्यावर शून्याजवळ. उघडूनही शून्यच असेल तर कुठेतरी वायर टेकली आहे, काहीच दाखवत नसेल तर डाग सुटला आहे. पुढे ॲम्प लावल्यावर तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते का बघा. कमी झाली तर जोडणी बरोबर. वाढली तर जॅकच्या दोन वायर उलट्या लागल्या आहेत. आणि तारा ॲम्पच्या चासीशी जोडलेल्या असतात, तेव्हा ॲम्पची अर्थची पिन तोडून दोन पिनांवर चालवायची नाही, कितीही घाई असली तरी.

रंगावर वेळ घालवू नका. फ्रेंच पॉलिश स्वस्त आणि सोपं, पण घामानं पांढरं पडतं. सुताराकडून लॅकर मारून घेतलं तर जास्त टिकेल. खोबणीत कुठलंच पॉलिश जाऊ देऊ नका. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे उघड्यावर पसरून वाळवा, चुरगळून टाकलेले स्वतःहून पेटतात.

शेवटी जुळवणी. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्यापाशी तारेखाली ०.२ ते ०.३ मिमी फट ठेवा, ती रॉडनं. बाराव्यापाशी जाड तार २ मिमी, पातळ १.६ उंच. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून छेडलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. बाराव्याला सूर जुळतो पण पहिल्या तीन फ्रेटवर चढतो, अशी वेळ आली तर ब्रिजला हात लावू नका, दोष नटचा आहे. स्वस्त नेकवर नटच्या खाचा जवळजवळ नेहमी उंच असतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा. पहिल्या फ्रेटवर साध्या कागदाएवढी फट असेल तर ठीक, कार्ड सरकत असेल तर खाच कानशीनं दोन-दोन घाव खाली न्या आणि दर वेळी पुन्हा बघा. जास्त गेली तर नवा नट. झाल्यावर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तारा सुरातून उतरण्याचं खापर खुंट्यांवर फोडण्याआधी.