अँड्रॉइड ओपन सोर्स असूनही यूपीआय अ‍ॅप का अडतं?

प्रश्न असा आहे: जुन्या फोनवर लिनिएजओएस (अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर बनवलेली वेगळी प्रणाली) टाकून गुगलशिवाय वापरायचाय, अँड्रॉइड ओपन सोर्स आहे तर यूपीआय अ‍ॅप का चालत नाही, आणि एपीके (प्ले स्टोअरबाहेरून घेतलेली अ‍ॅपची फाइल) टाकणं बंद होणार हे खरं का?

ओपन सोर्स आहे ते एओएसपी, म्हणजे अँड्रॉइडचा मूळ खुला कोड. त्यातलं कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा गाभा) जीपीएल परवान्याखाली, बाकीचं बहुतेक अपाची २.० परवान्याखाली. कुणीही घ्या, बदला, विका. दुकानातल्या फोनमध्ये मात्र त्यावर गुगल मोबाइल सर्व्हिसेस बसवलेल्या असतात. प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस, नोटिफिकेशन पोचवणारं फायरबेस, हा सगळा बंद कोड कंपन्यांना करार करूनच मिळतो. २०१२ मध्ये एसर कंपनी अलीबाबाच्या अलियुन ओएसवर फोन काढणार होती. गुगलने हरकत घेतली आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे हुआवेच्या नव्या फोनना गुगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. एओएसपी वापरायला त्यांना आडकाठी नव्हती, तरी चीनबाहेर ते फोन खपवणं जड गेलं. खरी नाडी कुठे आहे ते यावरून कळतं.

आता यूपीआय. सिममधून एसएमएस पाठवून नंबर बांधण्याचा भाग लिनिएजवरही नीट चालतो. अडतं ते प्ले इंटेग्रिटी या गुगलच्या तपासणीपाशी. अ‍ॅप गुगलला विचारतं, ‘हा फोन भरवशाचा आहे का?’ उत्तराच्या तीन पायऱ्या आहेत: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम; लिनिएज टाकायला तो अनलॉक करावा लागतो) अनलॉक असेल तर फोनच्या चिपमधली किल्ली तसं सही करून सांगते, आणि मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ व पुढच्या आवृत्त्यांवर डिव्हाइस पायरीसाठीही हा हार्डवेअरचा पुरावा लागतो. ही तपासणी चुकवायला व्हिडिओत दाखवतात ती मॅजिस्क मॉड्यूलं (रूट केलेल्या फोनवर टाकायच्या जोडण्या) बहुधा कुठूनतरी फुटलेल्या किल्ल्यांवर चालतात. गुगलने ती किल्ली रद्द केली की अ‍ॅप पुन्हा बंद. पैशाच्या व्यवहारासाठी त्यांच्या नादी लागू नका.

हा निव्वळ सुरक्षेचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. ग्राफीनओएस (सुरक्षेवर भर देणारी अशीच दुसरी प्रणाली) बूटलोडर पुन्हा लॉक करून चालतं, पॅचही वेळेवर देतं, तरी बेसिकच्या वर जात नाही. उलट कित्येक महिने पॅच न मिळालेला कंपनीचा फोन डिव्हाइस पायरी आरामात ओलांडतो. बँकेने मनावर घेतलं तर अँड्रॉइडचंच हार्डवेअर अटेस्टेशन (चिपने सही करून दिलेला पुरावा) वापरून ग्राफीनच्या किल्ल्या मान्य करता येतात. बँकेला लिहायचं असेल तर नेमकं हेच मागा.

फोन बदलण्याआधी: बूटलोडर अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा बॅकअप आधी घ्या. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज उडतो तो कायमचाच. लिनिएज टाकल्यावर बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नका. बहुतेक फोनवर तो मग सुरूच होत नाही. मायक्रोजी (प्ले सर्व्हिसेसचा खुला पर्याय) टाकलंत तर त्याच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस रजिस्ट्रेशन आणि क्लाउड मेसेजिंग दोन्ही चालू करा, सेल्फ-चेकमध्ये सगळ्या खुणा आल्यात का बघा आणि त्याला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, नाहीतर नोटिफिकेशन तासाने येतील. प्लेवरून घेतलेल्या अ‍ॅपवर एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स दुकानातली आवृत्ती टाकली की ‘अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही’ असं येतं, कारण दोन्हींची सही वेगळी. डेटा एक्स्पोर्ट करून जुनं काढा, मगच नवं टाका. यूपीआयसाठी दुसरा, न छेडलेला फोन ठेवणं उत्तम. किरकोळ रकमेसाठी *९९# डायल करून इंटरनेटशिवाय पैसे पाठवायची सोय आहेच.

एपीकेची बातमी अर्धी खरी. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की प्रमाणित (गुगलच्या सेवांसह येणाऱ्या) फोनवर अ‍ॅप टाकायचं तर ते बनवणाऱ्याची ओळख गुगलकडे पटलेली हवी, प्लेबाहेरचं अ‍ॅप असलं तरी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड इथे. बाकी जगात २०२७ पासून. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी धोक्याच्या सूचना दाखवणारी वेगळी वाट ठेवू म्हणाले, आणि कॉम्प्युटरवरून एडीबी या साधनाने टाकायची सोयही राहणार आहे. एफ-ड्रॉइडची गोची निराळीच आहे: पॅकेजचं नाव आणि सहीची किल्ली मिळून नोंदवायची, आणि तिथली बरीच अ‍ॅप एफ-ड्रॉइड स्वतःच्या किल्लीने सही करतं. दुसऱ्याच्या अ‍ॅपचं नाव त्यांनी स्वतःच्या नावे कसं नोंदवायचं?

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १३३७.७६ कोटींचा दंड लावला तेव्हा याच जागी बोट ठेवलं होतं: प्ले सर्व्हिसेसचे एपीआय (त्या सेवा वापरू देणारे दुवे) इतरांना नाकारू नका, साइडलोडिंगवर, म्हणजे प्लेबाहेरून अ‍ॅप टाकण्यावर, बंधनं घालू नका. मार्च २०२३ मध्ये अपिलात एनसीएलएटी या न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हे दोन्ही आदेश रद्द केले. म्हणून सध्या इथे गुगलला या बाबतीत रोखणारा आदेश नाही.

तुमच्या लिनिएजच्या फोनला ही पडताळणी लागणार नाही, कारण तो प्रमाणितच नाही. फटका बसलाच तर असा, की फावल्या वेळात अ‍ॅप लिहिणाऱ्याने ओळखपत्र देण्यापेक्षा काम सोडून दिलं, तर तुम्हालाही अपडेट मिळणार नाही.