“नुसती तपासणीच चाललीय, उपचार कधी?”

पक्षाघात झालेल्या वडिलांना घेऊन आलेल्या मुलीने दुसऱ्याच भेटीत विचारलं, “मॅडम, नुसते प्रश्न आणि चाचण्या. उपचार कधी सुरू करणार?” ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारात, हा प्रश्न मला फार जण विचारतात. त्यामागची घालमेल खरी असते, प्रत्येक दिवस हातचा जातोय असं वाटत असतं.

मी म्हटलं, “आज काकांना शर्ट घालू दे, आपण फक्त बघू.”

उजवी बाजू लुळी. काकांनी आधी चांगला डावा हात बाहीत घातला, मग उजवा कोंबायला गेले आणि अडकले. कशीबशी बाही चढली. पहिलं बटण डाव्या चिमटीत धरून काजापर्यंत नेलं, निसटलं. पुन्हा निसटलं. तेवढ्यात मुलीचा हात पुढे आला आणि बटण लागलं. काकांनी हात मांडीवर ठेवला. पुढच्या बटणाला त्यांनी हातच लावला नाही.

रोजची कामं माणूस स्वतः किती करतो हे मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्समध्ये एकूण गुण 100, त्यात कपडे घालण्याला 0, 5 किंवा 10. माणूस काय करू शकेल यावर नाही, रोज प्रत्यक्ष काय करतो यावर गुण द्यायचे. मी 5 लिहिले.

“म्हणजे बाबा सुधारणार नाहीत?” तिचा आवाज कापरा झाला.

तसं मुळीच नाही. आज आपण कुठे आहोत, एवढीच ती खूण. पण काय अडलं हे त्या 5 मध्ये दिसत नाही. बोटांत जोर नाही, एका बाजूचं लक्षातच येत नाही, बाहीचा क्रम चुकतोय, की कोणी वेळच देत नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून मी बघत बसते. क्रम तर त्याच दिवशी बदलला: लुळा हात आधी, चांगला नंतर. शर्ट पुष्कळ सोपा गेला.

मग काकांनाच विचारलं, तुम्हाला सगळ्यात आधी काय जमायला हवंय? मला वाटलं, बटणं म्हणतील. ते म्हणाले, “सही.” मुलगी बघतच राहिली, घरी हे कोणी विचारलंच नव्हतं. 10 पैकी महत्त्व 10, जमतं 2, समाधान 1, असे गुण त्यांनी स्वतःच दिले. रुग्णाने स्वतः गुण देण्याच्या या पद्धतीत 2 गुणांची वाढ झाली तरी ती खरी सुधारणा मानतात.

सहा आठवड्यांनी पुन्हा विचारलं. जमतं 5, समाधान 6. त्या दिवशी शर्टाची बटणंही त्यांनी एकट्याने लावली, तिसरं दोनदा निसटलं. मुलगी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती.