तालुक्यांचा क्रम बोटाने बदलायचा, पण आलेखात पट्टे गायब होतात

प्रश्न थोडक्यात असा: शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवकेच्या नोंदींवर शायनी ॲप (आर भाषेत बनवलेलं वेब ॲप) आहे. दारव्हा, आर्णी, घाटंजी, राळेगाव ही नावं ओढून वरखाली केली की कापसाचा आलेख त्याच क्रमाने दिसायला हवा. 'सॉर्टेबल' हे ओढून क्रम लावायचं पॅकेज बसवलं, यादी सरकते, पण आलेखात काही पट्टे 'एनए' (मूल्य नाही) होतात. शिवाय फोनवर यादी खाली सरकवायला गेलं की कार्डच उचललं जातं.

भाऊ, ओढण्यात काही चूक नाही, घोळ नावांत आहे. 'रँक लिस्ट'ला (ओढता येणाऱ्या यादीला) नुसता मजकूर दिला की तोच मजकूर इनपुटमध्ये परत येतो. तुम्ही तो फॅक्टरच्या लेव्हल्सना, म्हणजे आरमधल्या गटांच्या ठरलेल्या नावांना, लावता. नोंदींतल्या नावामागे एक जादा स्पेस असली, तरी ते नाव लेव्हल्समध्ये सापडत नाही आणि आर ते मुकाट्याने 'एनए' करतो. मराठीत याहून वाईट प्रकार आहे. 'वऱ्हाड' हा शब्द कोणी 'ऱ' ला हलन्त लावून टाइप करतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका.

म्हणून प्रत्येक तालुक्याला कोड द्या: टी०१, टी०२ असा. नोंदींत कोडच ठेवा आणि लेबल्सची यादी 'सेटनेम्स' वापरून बनवा: मूल्य म्हणजे दिसणारं नाव, यादीतलं नाव म्हणजे कोड. लेबलला नाव दिलेलं असलं की इनपुटमध्ये तेच, म्हणजे इथे कोड, परत येतं, पडद्यावरचा मजकूर नाही. आलेख काढताना लेव्हल्सना इनपुटमधला कोडांचा क्रम द्या, आणि दिसायची मराठी नावं 'लेबल्स'मध्ये, त्याच क्रमाने. आडव्या पट्ट्यांचा जीजीप्लॉट (आलेख काढायचं पॅकेज) पहिली लेव्हल सगळ्यात खाली काढतो, म्हणून क्रमाला 'रेव्ह' लावून तो उलटा करा. नाहीतर यादीत वर असलेला तालुका आलेखात तळाशी दिसेल.

आता फोनचं. 'सॉर्टेबल ऑप्शन्स'मध्ये हे घाला: 'डिले' २००, 'डिले ऑन टच ओन्ली' ट्रू, 'टच स्टार्ट थ्रेशोल्ड' ५. म्हणजे बोट २०० मिलिसेकंद टेकवून ठेवलं तरच कार्ड उचललं जाईल, आणि त्याआधी ५ पिक्सेलपर्यंत बोट हललं तरी चालेल. माउसवाल्यांना वाट पाहावी लागत नाही. यादी पडद्यापेक्षा लांब असेल तर मात्र 'हँडल' (धरून ओढायची जागा) हवंच: प्रत्येक लेबलात डावीकडे तीन रेघांचा स्पॅन (एचटीएमएल टॅग), त्याला क्लास, आणि ऑप्शनमध्ये त्या क्लासचा सिलेक्टर, सुरुवातीचा टिंब विसरू नका. मग उरलेल्या कार्डावर बोट निवांत फिरू शकतं. लेबलात टॅग आला की वरचे कोड देणं ऐच्छिक राहत नाही.

गावात रेंज कधी आहे, कधी नाही. कार्ड ब्राउझरमध्येच सरकतं, पण प्रत्येक सोडण्याबरोबर नवा क्रम सर्व्हरकडे जातो आणि आलेख पुन्हा काढला जातो. चार कार्डं पटापट हलवली तर चार आलेख. क्रम रिॲक्टिव्हमध्ये (इनपुटबरोबर आपोआप बदलणाऱ्या मूल्यात) घेऊन त्याला ७०० मिलिसेकंदांचा 'डिबाउन्स' लावा, म्हणजे कार्डं हलायची थांबली की मगच आलेख निघेल. आलेख जड असेल तर सरळ 'लागू करा' बटण द्या, मला तेच बरं वाटतं, कारण माणसाला यादी शांतपणे लावून घेता येते.

हंगाम बदलल्यावर यादी 'रेंडर यूआय'मधून (सर्व्हरवर पडद्याचा भाग बनवणाऱ्या फंक्शनमधून) नव्याने येत असेल तर लावलेला क्रम मोडतो. जुना क्रम 'आयसोलेट'मध्ये (इनपुट बदललं तरी कोड पुन्हा चालू नये म्हणून) वाचा, आणि नवा असा बांधा: आधी जुन्या-नव्याचा 'इंटरसेक्ट' (दोन्हींत असलेले), त्यामागे नव्यातले 'सेटडिफ'ने उरलेले. आयसोलेट विसरलात तर प्रत्येक ओढण्यावर यादी पुन्हा बनते. अशी यादी न उघडलेल्या टॅबमध्ये असेल तर तो उघडेपर्यंत इनपुट रिकामं असतं, म्हणून आलेखाच्या पहिल्या ओळीत 'रेक' (इनपुट येईपर्यंत आलेख थांबवणारं फंक्शन) हवाच.

एवढं करूनही एखादा पट्टा गायब राहिला तर 'सेटडिफ'ने नोंदींतले कोड आणि इनपुट ताडून पाहा, आणि जे उरेल ते इथे टाका.