एकच शास्त्र, मग बाळाच्या बाप्तिस्म्यावर दोन मतं का?

ख्रिस्ती जोडप्यांकडून मला वरचेवर येणारा प्रश्न: आम्ही दोघंही प्रार्थना करूनच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतो, मग अर्थ वेगळे का लागतात? आमच्यापैकी एकाचा विश्वास खोटा आहे का?

एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिलं बाळ झालं आणि त्याच्या बाप्तिस्म्यावरून घरात अबोला सुरू झाला. ती तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेली. त्याच्या मंडळीत विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा. दोघांकडे बायबलमधली वचनं तयार होती. ती प्रेषितांची कृत्ये 16 दाखवायची: लुदियाच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्या सगळ्यांचा झाला. शिवाय कलस्सैकरांस पत्रात सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी येतात, आणि सुंता तर जन्मानंतर आठव्या दिवशी, म्हणजे तान्हेपणीच व्हायची. तो मार्क 16:16 वर बोट ठेवायचा: आधी विश्वास, मग बाप्तिस्मा.

मी त्यांना एक काम दिलं. प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू शास्त्रातून अशी मांडायची, की दुसऱ्याने म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचंय.’ सुरुवातीला कुणालाच जमेना. मग मांडता मांडता त्यांच्याच लक्षात आलं, की त्या घरांत तान्हं बाळ होतं की नव्हतं हे ‘कृत्ये’ लिहिणारा लूक सांगतच नाही; आणि बाळांना बाप्तिस्मा देऊ नका, असंही कुठे लिहिलेलं नाही. दोघंही वचनाच्या पुढे जाऊन अनुमान करत होते, आपापल्या मंडळीने शिकवलेलं. अनुमानाशिवाय शास्त्र जगण्यात उतरत नाही, हे मी ठामपणे मानते. पण अनुमानाला वचनाचा अधिकार दिला, की जोडीदार देवाची आज्ञा मोडणारा वाटू लागतो.

“मोठमोठ्या विद्वानांचंही एकमत होत नाही?” तिने विचारलं. मी 1529 ची मारबुर्गची बैठक सांगितली. ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन धर्मसुधारक 15 पैकी 14 मुद्द्यांवर एक झाले, प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत, ख्रिस्ताचं शरीर प्रत्यक्ष असतं का, यावर अडले. बाप्तिस्म्याचा वाद तर याहून क्रूर झाला: मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा दिल्याबद्दल 1527 मध्ये झुरिचला फेलिक्स मान्झ यांना पाण्यात बुडवून मारलं. बायबलमधला प्रेषित पौल मात्र आपल्या एका सहकाऱ्याची, तीमथ्याची, सुंता करतो आणि दुसऱ्याच्या, तीताच्या, सुंतेला नकार देतो. तत्त्व एकच, प्रसंग वेगळे. हे ऐकून तो पहिल्यांदा सैल होऊन बसला.

यानंतर खरी भीती बाहेर आली, आणि माझ्या अनुभवात ती जवळजवळ नेहमी वचनांच्या आड लपलेली असते. तिला वाटत होतं, बाप्तिस्म्याआधी बाळाचं काही बरंवाईट झालं तर? त्याने वडिलांचा विरोध पत्करून, कळत्या वयात बाप्तिस्मा घेतला होता. बाळाला आत्ताच दिला तर आपलं ते पाऊल व्यर्थ ठरेल, असं त्याला वाटत होतं. इतक्या वर्षांत हे दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

बाप्तिस्मा कधी द्यावा हे मी सांगितलं नाही. ते काम पाळकांचं आणि त्यांच्या विवेकाचं. रोमकरांस पत्र 14:5 मात्र वाचून दाखवलं: प्रत्येकाने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी. शेवटच्या भेटीत त्यांनी कळवलं, की दोन्ही मंडळ्यांच्या पाळकांना ते एकत्रच भेटणार आहेत, आणि तिची बाजू तो मांडणार आहे.